महागडी शेगडी पुसायला सोपी असते का?

नाशिकहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, आम्ही ओटा नवीन करायला काढलाय. वीस वर्षं वापरलेली दोन बर्नरची स्टीलची शेगडी आता बदलायची आहे. शोरूममधला चार बर्नरचा, काळ्या काचेचा, ओट्यात बसवायचा हॉब आमच्या ह्यांच्या मनात भरलाय. किंमत ४२ हजार. दुकानातला मुलगा म्हणाला, एक फडकं फिरवलं की झालं. मोठ्या जाऊबाई म्हणतात, काच घेऊ नकोस, आमच्या शेजारणीची फुटली. मुलगी म्हणते, घ्यायचीच तर खाली ओव्हन असलेली उभी रेंज घ्या. माझं मागणं एवढंच आहे. रोज रात्री जेवणं उरकल्यावर शेगडी घासण्यात माझा अर्धा तास जातो आणि आता उजवं मनगट दुखायला लागलंय. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. भाकऱ्या अजून स्वतः करतात, थेट जाळावर फुगवतात, सगळं पीठ बर्नरमध्ये पडतं. त्यांना तव्यावरच शेका असं सांगू का? आणि जास्त पैसे मोजले की साफसफाई सोपी होते ना? शुक्रवारी ग्रॅनाइटवाला ओटा कापायला येणार आहे."

ताई, बाकीचं पत्र नंतर वाचा. आधी ग्रॅनाइटवाल्याला फोन करून सांगा की ओटा अखंड ठेव, कापायचं काम थांबव. हॉबसाठी पाडलेलं भोक त्या एका मॉडेलच्या मापाचं असतं आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. उद्या मन बदललं, किंवा आठ-दहा वर्षांनी हॉब बदलायची वेळ आली, तर शेगडी शोधण्याऐवजी त्या भोकात बसणारी वस्तू शोधत फिरावं लागतं. दगड एकदा कापला की कापला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जास्त पैसे मोजले की साफसफाई सोपी होते का? होतेच असं नाही. ४२ हजारांत तुम्हाला चांगले व्हॉल्व्ह मिळतील, देखणी काच मिळेल, बटण फिरवलं की पेटणारा बर्नर मिळेल, मंद आच खरोखर मंद होईल. ह्या सगळ्याला किंमत आहेच. पण रात्रीचा अर्धा तास वाचतो तो दोन गोष्टींवर: शेगडीचे किती भाग हाताने सुटे होऊन मोरीत जातात, आणि जे सुटे होत नाहीत त्यांत किती खाचाखोचा आहेत. हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. दुकानातल्या मुलाने फडकं फिरवून दाखवलं असेल ते कोऱ्या, कोरड्या, थंड काचेवर. त्या काचेवर कधी तुरीच्या डाळीचा फेस कुकरच्या शिटीतून उडालेला नाही, दूध उतू गेलेलं नाही, पुरण घोटताना थेंब उडून चिकटलेले नाहीत.

काचेबद्दल जाऊबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, पण कारण समजून घ्या, म्हणजे नुसती भीती राहणार नाही. शेगडीची काच टफन केलेली असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि लगेच हवेच्या झोतांनी गार करतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून गार होताना ओढला जातो. बाहेर दाब आणि आत ताण, ह्यातच त्या काचेची ताकद असते, म्हणून साध्या काचेपेक्षा ती कितीतरी जास्त मार सोसते. पण एखादा ओरखडा खोल गेला किंवा कडेला पातेल्याची ठोकर बसली, की आतला ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच एका क्षणात दाण्यादाण्यांत विखुरते. कधी ओरखडा जुना असतो आणि काच महिन्यांनी फुटते, त्यामुळे लोकांना वाटतं आपोआप फुटली.

ह्याचा साफसफाईशी थेट संबंध आहे. काचेवर तारेची घासणी चालत नाही, करपलेलं सुरीच्या टोकाने खरवडणं चालत नाही, आणि तापलेल्या काचेवर गार ओलं फडकं तर मुळीच टाकायचं नाही. बर्नरवरच्या स्टँडला खाली छोटे रबरी पाय असतात. ते घासताना निसटतात, मोरीतून वाहून जातात, आणि मग लोखंड थेट काचेवर घासतं. तुम्ही वीस वर्षं स्टीलची शेगडी वापरलीत, हाताला जोर लावून घासायची सवय आहे. ती सवय काचेवर महागात पडेल. उलट ज्यांच्या घरी स्वयंपाक बेताचा असतो आणि सांडलं की तिथल्या तिथे मऊ फडक्याने टिपतात, त्यांच्याकडे काच वर्षानुवर्षं छान राहते. मी काचेच्या विरोधात नाही. तुमच्या घरातल्या कामाला ती जुळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यात काळी काच. ज्वारीचं पीठ काळ्या काचेवर जितकं उठून दिसतं तितकं दुसरं काही दिसत नसेल. सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर पुसल्यावर पांढरे डाग राहतात, ते क्षारांचे असतात. व्हिनेगर आणि पाणी लावून निघतात, पण म्हणजे पुसण्याचे दोन फेरे झाले. वेळ वाचवायला शेगडी घेतली आणि दिवसातून चार वेळा डागच पुसत बसलो, असं व्हायला नको.

आता ओट्यात बसवण्याबद्दल. दिसायला फार सुरेख, हे मान्य. पण बसवलेला हॉब उचलता येत नाही, तिरका करता येत नाही, त्याच्या खाली हात जात नाही. काच आणि ग्रॅनाइट ह्यांच्यामध्ये फोमची किंवा सिलिकॉनची पट्टी असते. तिथली फट कालांतराने उघडते. तेल, पाणी, साखर त्यातून आत झिरपतं, आणि अंधार, ऊब आणि खाणं एका जागी मिळालं की झुरळांना आणखी काय हवं. माझ्या पहिल्या हॉबच्या बाबतीत हे झालं. शिवाय त्यात एकदा दूध उतू गेलं. त्या हॉबची रचना अशी होती की बर्नर उचलला की मधोमध एक वाटी आणि त्या वाटीच्या तळाशी उभं जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी. दूध सरळ वाटीत उतरलं, जेटचं भोक बुजलं आणि बर्नर बंद पडला. कंपनीचा माणूस अकरा दिवसांनी आला. ते अकरा दिवस मला अजून आठवतात, कारण घरात आजारी माणूस होतं आणि पेज-खिमटीसाठी दर दोन तासांनी काहीतरी चुलीवर ठेवावं लागायचं.

म्हणून दुकानात बर्नर उचलून आत बघा. आपल्या नेहमीच्या शेगडीत जेट आडवं, पुढच्या बाजूला, बटणाच्या मागे असतं. गॅस तिथून मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरतो आणि जाताना हवा ओढून घेतो. वरून सांडलेलं त्या जेटपर्यंत सहसा पोचत नाही, खालच्या ट्रेमध्ये उतरतं. ट्रे ओढली, धुतली, परत सरकवली. महागड्या परदेशी धाटणीच्या हॉबमध्ये बर्नर खाली बंदिस्त असतो, त्यामुळे सांडलेलं वरच राहतं आणि आत ट्रे धुवायला लागत नाही, हा त्याचा गुण. पण वाटीच्या तोंडाशी पुरेसा उंच काठ नसेल तर माझ्यासारखं होतं. रोज दीड-दोन लिटर दूध तापवणाऱ्या घराने हा काठ बोट फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बर्नर पितळीच घ्या. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे बर्नर हलके असतात, पण सोड्याच्या पाण्यात उकळले की काळे पडतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. खरबरीत झालं की आणखी चिकटतं. पितळी बर्नर चिंच-मीठ लावून घासता येतो. मात्र मीठ पूर्ण धुतलं गेलं पाहिजे आणि बर्नर अगदी कोरडा करूनच परत बसवला पाहिजे. भोकं टाचणीने मोकळी करा, दातकोरण्याने नको, ते आत मोडतं. आणि जेटच्या भोकात टाचणी कधीही घालू नका. ते भोक मापाचं असतं, जरा मोठं झालं की ज्योत बिघडते. एलपीजी नीट जळायला त्याच्या पंचवीस-तीस पट हवा लागते. भोकं बुजली किंवा हवेची वाट पिठाने भरली की ज्योत निळ्याची पिवळी होते, भांड्यांचे बुडखे काळे होतात, आणि घासायचं काम शेगडीवरून भांड्यांवर जातं.

स्टँडबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, आणि तुमच्या मनगटासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दोन बर्नरना मिळून एकच लांबलचक बिडाचं स्टँड असेल तर ते उचलून मोरीपर्यंत न्यायचं, तिरकं धरून घासायचं आणि परत काचेला धक्का न लावता ठेवायचं. दुखऱ्या हाताने रोज रात्री हे होणार नाही. मग ते न उचलता भोवतालचं पुसलं जातं आणि आठवड्याभरात कड्या चिकट होतात. प्रत्येक बर्नरला वेगळं स्टँड, एका हाताने सहज उचलता येईल असं, आणि मोरीत आडवं मावेल एवढं. वर एनॅमलचा थर असेल तर चांगलं, पण तो आपटला की टवका उडतो आणि तिथून गंज धरतो, म्हणून जास्तीचं एक स्टँड सुटं मिळतं का, केवढ्याला मिळतं, हे आधीच विचारा.

स्टीलची शेगडी घ्यायची झाली तर स्टील कुठलं, हा प्रश्न येतो. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, चिकटलं नाही म्हणजे ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील. हा पुरावा पुरेसा नाही. २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० मालिकेत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्यामुळे मीठ, आमसुलाचं पाणी, ओलावा ह्यांनी त्यावर लवकर डाग पडतात. म्हणून ३०४ असं बिलावर लिहून घ्या. आरशासारखं चकचकीत नको, बारीक रेघांचं मॅट घ्या, आणि पुसताना रेघांच्या दिशेने पुसा. वरचा पत्रा एकसंध दाबून बनवलेला हवा, बर्नरभोवती उथळ खळगा असलेला, म्हणजे उतू गेलेलं दूध तिथेच थांबतं. जोड, स्क्रूची डोकी, उठावाची नक्षी, कंपनीच्या नावाची पट्टी, जिथे नख अडकतं तिथे उद्या तेल अडकणार आहे. ब्लीच असलेलं काहीही स्टीलवर वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने बारीक खड्डे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत.

चार बर्नर खरंच हवेत का, ह्याचाही विचार करा. साधारण साठ सेंटिमीटर रुंदीत चार बर्नर म्हणजे मागच्या दोघांपर्यंत पोचायला पुढच्या जाळावरून हात न्यायचा. पुसतानाही तेच. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई साडी नेसून भाकरी करतात, त्यांचा पदर डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत तीन बर्नर, मध्ये ऐसपैस जागा, हे मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतं.

ओव्हन असलेल्या उभ्या रेंजबद्दल थोडक्यात सांगते. तुमच्या घरी वर्षातून किती वेळा केक होतो, ते मुलीला विचारा. काही विजेचे ओव्हन स्वतःला जवळपास ४८० अंशांपर्यंत तापवून आतली घाण जाळून राख करतात, ती राख पुसली की झालं. गॅसच्या ओव्हनमध्ये ही सोय बहुधा नसते, आत डोकं घालून हाताने घासावं लागतं. शिवाय रेंजच्या दोन्ही बाजूंना ओट्याशी अरुंद फट राहते, त्यात पडलेले वाटाणे आणि तेल काढायला जड रेंज ओढावी लागते. दुखऱ्या मनगटाला हे काम वाढवून देऊ नका. केकसाठी टेबलावरचा छोटा ओव्हन पुरतो.

मग घ्यायचं काय? तुमच्या जागी मी असते तर ओट्यावर ठेवायची, तीन बर्नरची, मॅट स्टीलची, पितळी बर्नरची शेगडी घेतली असती, आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग चांगल्या चिमणीला दिला असता. फोडणीचं तेल वाफेबरोबर वर न ओढलं गेल्यामुळेच शेगडीवर आणि टाइल्सवर तो चिकट थर बसतो. तुमच्या ह्यांना हॉबसारखं रूप हवंच असेल तर बाजारात 'हॉबटॉप' म्हणून प्रकार मिळतो. तो पायांवर ओट्यावरही ठेवता येतो आणि पुढे वाटलं तर ओट्यात बसवताही येतो. वर्षभर वर ठेवून वापरा, मग ठरवा. त्यात स्टीलचा पृष्ठभाग मिळाला तर उत्तम.

एका गोष्टीला मात्र पैसे जास्त लागले तरी द्या. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असते, दुकानात तिला एफएफडी म्हणतात. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस तसाच वाहत राहतो, हा धोका वयस्कर माणूस एकटं स्वयंपाकघरात असताना फार मोठा आहे. बर्नरशेजारी एक छोटी धातूची काडी उभी असते, ती तापलेली असेपर्यंतच गॅस चालू राहतो. तिच्यावर काजळी किंवा दूध बसलं तर बर्नर पेटून लगेच विझतो आणि लोकांना वाटतं शेगडी बिघडली. मऊ फडक्याने ती काडी पुसायची, बस. आपोआप पेटणाऱ्या बर्नरची ठिणगीची काडीही अशीच कोरडी ठेवा.

शोरूमला परत जाल तेव्हा मोबाइलवर वेळ लावा आणि दुकानदाराने हात न लावता तुम्ही स्वतः, उजव्या हाताने, शेगडीचे सगळे सुटे भाग काढून टेबलावर ठेवा आणि परत बसवा. बटणंही ओढून निघतात का बघा, कारण तेल सगळ्यात जास्त बटणांच्या मागे साचतं. तीन-चार मिनिटांत न दुखता जमलं तर ती शेगडी तुमची. सध्या सिलिंडर असेल आणि पुढे पाइपचा गॅस येणार असेल तर त्याची जेट वेगळी, मोठ्या भोकाची लागतात, ती कंपनीकडून बदलून मिळतील का हे विचारा. आयएसआय चिन्ह बघा, घरगुती एलपीजी शेगड्यांसाठी आयएस ४२४६ हा क्रमांक असतो. दुरुस्तीचा माणूस नाशिकचाच आहे की मुंबईहून येतो, हे विचारायला संकोच करू नका.

कुणी सांगेल की बर्नरभोवती अॅल्युमिनियम फॉइल पसरा, घाण झाली की काढून टाका. करू नका. ज्योतीला खालून लागणारी हवा अडते, जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू बंद स्वयंपाकघरात साठू शकतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना तव्यावर शेकायला सांगू नका. जाळावर फुगलेली भाकरी आणि तव्यावर दाबून शेकलेली भाकरी ह्यांत फरक असतो, तो तुम्हालाही ठाऊक आहे, आणि त्या वयात हाताला जमणारं एक काम चुकतंय असं ऐकणं फार लागतं. तीनपैकी एक कडेचा बर्नर त्यांच्या भाकरीचा ठरवा. भाकरी जाळावर टाकण्याआधी परातीवर धरून एकदा झटकली की सुटं पीठ निम्मं तिथेच पडतं, हे त्यांनाच विचारा, त्यांच्याकडे ह्याची स्वतःची पद्धत असेल. आणि तुम्ही रात्री त्या बर्नरला आधी ओलं फडकं लावू नका. ओलं लागलं की पिठाची खळ होते, ती भोकांत बसते आणि सुकल्यावर दगडासारखी होते, बहुतेक तुमचा अर्धा तास तिथेच जातोय. बर्नर गार झाला की उचलून उलटा झटका, रंगाच्या कोरड्या ब्रशने भोकांवरून आणि खालच्या पत्र्यावरून पीठ झाडून घ्या, आणि मगच फडकं घ्या. दुधाचे आणि डाळीचे करपलेले डाग घासू नका. गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यांच्यावर पसरून ठेवा, तोवर ताक-दूध झाकून आवरून घ्या, पंधरा मिनिटांनी डाग हाताने निघतील. तेलाचा जुना चिकट थर असेल तिथे खायच्या सोड्याची पेस्ट लावून ठेवा आणि मऊ घासणीने काढा.

हे सगळं जुन्या शेगडीवर आज रात्रीच करून बघा. आणि मनगटाचं दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, शेगडी बदलायची वाट बघू नका.